रात्री आठ ते पहाटे पाच : हिवताप प्रकल्पाच्या नोंदी

११ जून २०२४
गडचिरोली जिल्ह्यातल्या धानोऱ्यात पोचले. खोली बरी आहे, पंखा चालतो, नळाला सकाळी तासभर पाणी. सूक्ष्मदर्शक वाटेत एकदाच आदळला, भिंग शाबूत.

दोन गावं घेतली आहेत. खरी नावं या वहीत लिहायची नाहीत असं ठरलंय, म्हणून एक ‘रस्तागाव’, दुसरं ‘टेकडीगाव’. रस्तागाव डांबरी सडकेला लागून. टेकडीगाव डोंगराच्या पायथ्याशी, मध्ये एक नाला, मग जंगल. दोन्हीकडे कीटकनाशक भारित मच्छरदाण्या वाटून झाल्यात, फवारणीही होते. तरी टेकडीगावात फाल्सिपेरम, म्हणजे हिवतापाचा जिवावर बेतणारा प्रकार, सुटत नाही. का, हे शोधायचं.

राज्यात हिवतापाची दोन टोकं : मुंबई आणि गडचिरोली. मुंबईतला हिवतापाचा डास, ॲनोफिलिस स्टीफेन्साय, गच्चीवरच्या टाकीत, बांधकामाच्या साचलेल्या पाण्यात वाढतो, आणि तिथे जास्त करून व्हायव्हॅक्स, हिवतापाचा दुसरा प्रकार. इथला कारभार क्युलिसिफेसीज आणि फ्लुव्हिएटिलिस या ॲनोफिलिसच्याच दोन जातींकडे, एक धानाच्या बांध्यांतला, दुसरा वाहत्या नाल्यातला. आजार एकाच नावाचा, पण मुंबईचा उपाय इथे आणून चालत नाही. गप्पी मासे नाल्यात सोडा म्हणणारे अजून भेटतात. पहिल्या पुराबरोबर ते मासे नदीला लागतात.

प्रस्तावात विषय लिहिलाय : ‘घरातील विसावणाऱ्या रोगवाहक डासांची घनता व कीटकनाशकाचा प्रभाव’. मीच लिहिला, दोन वर्षांपूर्वी, नागपूरला एसीत बसून.

१४ जून
टेकडीगावात बैठक, गोटूलसमोर, म्हणजे गावाच्या सामूहिक घरासमोर. संमतीपत्र मराठीत, बोलणं माडियात, मध्ये आशाताई. मी पाच मिनिटं बोलायचे, त्या दीड मिनिटात सांगायच्या. उरलेली साडेतीन मिनिटं माझ्या बोलण्यात काय होतं, हा विचार करत बसले.

एका आजोबांचा प्रश्न : ‘रक्त नेता, कागद नेता, परत येऊन सांगता का?’ येईन म्हटलं. वहीत लिहून ठेवते म्हणजे टाळता येणार नाही.

२४ जून
सकाळची पकड सुरू. पहाटे साडेपाचला निघायचं, सहा ते आठ घरांमध्ये. टॉर्च, शोषक नळी, कापसाचा बोळा लावलेल्या परीक्षानळ्या. रात्री रक्त पिऊन जड झालेली मादी भिंतीच्या अंधाऱ्या भागात बसलेली असते : रांजणामागे, टांगलेल्या कपड्यांखाली, छपराच्या वाशाशी. ॲनोफिलिस ओळखायला शाळेतलं पोरही शिकतं : शेपूट वर करून, भिंतीशी तिरकी बसते, खिळा अर्धवट ठोकल्यासारखी. क्युलेक्स हा दुसरा डास भिंतीला समांतर.

नळी तोंडात धरून श्वास आत ओढायचा, बेताचा. जोरात ओढला तर पाय तुटतात, कमी ओढला तर उडून जाते. आमचे तंत्रज्ञ भाऊ या कामात तीस वर्षं आहेत. ते चुलीपुढे बसलेल्या बाईशी गप्पा मारता मारता पाच उचलतात, मी तेवढ्यात एक. नळीच्या टोकाला जाळी असते, तरी पहिल्या आठवड्यात सगळेच एकदा तरी खोकतात. मीही.

हिशेब सोपा : पकडलेले डास गुणिले साठ, भागिले मिनिटं आणि माणसं. दर माणशी दर तासाला किती, ती घनता.

२ जुलै
दिवसभर सूक्ष्मदर्शकाखाली. पंखाची तिसरी शीर बहुतेक काळी असेल तर क्युलिसिफेसीज, फिकट असेल तर फ्लुव्हिएटिलिस. लिहायला एक ओळ, पण खवले झडलेले असले की अर्धा तास जातो. सध्या क्युलिसिफेसीजच जास्त. तोही पोट भरलेला, बहुधा गोठ्यातल्या रक्तानं. या जातीला जनावरंच जास्त आवडतात. तरीही देशातल्या निम्म्याहून जास्त हिवतापाला हीच जबाबदार, कारण संख्या. फ्लुव्हिएटिलिसची एक उपजात माणसांवर जगते आणि तिचा हंगाम पावसाळा ओसरल्यावर, थंडीकडे. म्हणजे खरी परीक्षा ऑक्टोबरनंतर.

१० जुलै
तीन दिवस पाऊस. पर्लकोटा नदीच्या पुलावर पाणी, भामरागड तुटलेलं. तिकडे गेलेला आमचा एक सहकारी तिथेच अडकलाय. फोनवर म्हणाला, डाळ आहे, सिग्नल नाही. सिग्नल नाही हे फोनवर कसं सांगितलं, ते विचारायचं राहिलं.

खोलीत बसून जुने आकडे काढले. स्वातंत्र्याच्या वेळी देशात दर वर्षी साडेसात कोटी रुग्ण आणि आठ लाख मृत्यू असा अंदाज होता. त्याआधीच, १९४६ मध्ये, तेव्हाच्या मुंबई प्रांतात डॉ. डी. के. विश्वनाथन यांनी कानडा आणि धारवाड जिल्ह्यांत घरोघर डीडीटी फवारून दाखवलं. १९५३ मध्ये राष्ट्रीय कार्यक्रम, १९५८ मध्ये त्याचं नाव नियंत्रणावरून ‘निर्मूलन’ झालं. १९६१ मध्ये रुग्ण पन्नास हजारांच्या आसपास. आणि १९७६ मध्ये ६४ लाखांवर.

श्रीलंकेची गोष्ट तर याहून बोचरी : १९६३ मध्ये अख्ख्या देशात १७ रुग्ण, आणि दशक संपायच्या आत पुन्हा लाखांची साथ. तो देश हिवतापमुक्त म्हणून प्रमाणित व्हायला २०१६ उजाडलं.

आता आपण पुन्हा त्या उताराच्या टोकाशी आलोय. २०१५ मध्ये ११ लाख ६९ हजार, २०२३ मध्ये २ लाख २७ हजार. हिवताप संपवायचं २०३० चं लक्ष्य आहे. हे आकडे खाली येतात तेव्हा उरलेला हिवताप सगळीकडे सारखा पातळ होत नाही. तो टेकडीगावासारख्या ठिकाणी गोळा होऊन बसतो. शेवटचा हिवताप अवघड म्हणतात तो याच्यामुळे. आपली नेहमीची हत्यारं जिथे लागू पडली तिथला तर गेलाच.

२२ जुलै
आजची चाचणी रद्द.

कीटकनाशक प्रतिकारशक्तीची चाचणी होती. नळीत औषध लावलेला कागद, त्यात वीस-पंचवीस माद्या, एक तास. मग स्वच्छ नळीत, ग्लुकोजचा बोळा ठेवून चोवीस तास. मेलेल्यांचं प्रमाण ९८ टक्के किंवा वर असेल तर डास औषधाला बळी पडतात, ९० च्या खाली गेलं तर प्रतिकार आलाय. सोबत साध्या कागदाची नळी तुलनेला. या तुलनेच्या नळीत पाच टक्क्यांपर्यंत मेले तर सोडून द्यायचं, वीसपर्यंत गणितानं दुरुस्ती करायची, वीसच्या वर गेले तर सगळं फेकून पुन्हा.

आमचे वीसच्या वर गेले. कारण औषध नाही, मी. गाडी रस्त्यात चहाला थांबली, पिंजऱ्यावरचा ओला टॉवेल वाळला, ऊन आलं. पाच पहाटांची पकड एका कपात. भाऊ काही बोलले नाहीत, नवा टॉवेल भिजवला आणि पिंजरा स्वतःच्या मांडीवर घेऊन बसले.

६ ऑगस्ट
चाचणी पुन्हा केली, नीट झाली. आकडे चाचणीच्या नोंदवहीत. एका हंगामाच्या एका चाचणीवर तोंड उघडायचं नाही.

२० ऑगस्ट
जागतिक डास दिन. आश्रमशाळेत बोलायला बोलावलं होतं. २० ऑगस्ट १८९७ ला सिकंदराबादला रोनाल्ड रॉसला डासाच्या जठराच्या भिंतीत हिवतापाच्या परजीवीच्या गाठी दिसल्या, म्हणून हा दिवस. मुलांना यातलं एकच आवडलं : हुसेन खान नावाचा रुग्ण डासांना आपलं रक्त पाजायचा आणि दर डासामागे त्याला एक आणा मिळायचा. ‘आमाले किती देता?’ मागच्या रांगेतून.

काही देत नाही, कारण आता माणसाला आमिष म्हणून बसवणं आम्ही टाळतो. दिव्याचा सापळा लावतो. मच्छरदाणीत झोपलेल्या माणसाशेजारी टांगायचा, लहानसा बल्ब, खाली पंखा, सहा व्होल्टची बॅटरी. माणसाच्या वासानं येतात, उजेडाकडे वळतात, पंखा आत ओढतो.

परतताना ड्रायव्हरभाऊंचा प्रश्न : ‘मॅडम, पुण्याले लस बनते मने मलेरियाची. मंग आपल्याले काहून नाही?’ बरोबर विचारलं. आर-२१ ही लस पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटमध्ये बनते, जागतिक आरोग्य संघटनेनं ऑक्टोबर २०२३ मध्ये तिची शिफारस केली, आणि ती आफ्रिकेतल्या लहान मुलांना मिळायला लागली आहे. फक्त फाल्सिपेरमवर, चार डोस, जिथे मुलं वर्षातून दोन-तीनदा आजारी पडतात तिथे तिचा मोठा उपयोग. आपल्याकडे व्हायव्हॅक्सही आहे आणि हिवताप मूठभर कोपऱ्यांत उरलाय. एवढं सांगेपर्यंत धानोरा आलं. ‘मंजे मच्छरदाणीच,’ ते म्हणाले.

३ सप्टेंबर
काल पोळा झाला. आज टेकडीगावात गेलो तर घरं ओळखू येईनात. सगळ्या भिंती पांढऱ्या मातीनं पोतारलेल्या, खाली गेरूचा पट्टा, काहींवर बोटांनी काढलेले बैल. सुंदरच.

आणि आमची फवारणी त्याच्या आत.

एका घरात भिंतीवर कोन लावून तपासणी होती. प्लास्टिकचा शंकू भिंतीला टेकवून आत दहा डास सोडायचे, अर्धा तास भिंतीवर बसू द्यायचे, मग चोवीस तास बघायचं किती मरतात. मी नखानं भिंत खरवडली : वर पांढरी माती, पोस्टकार्डाएवढी जाड, तिच्याखाली जुनी मातकट भिंत. औषध त्या दोहोंच्या मध्ये कुठेतरी. डासाचे पाय तिथवर पोचणार नाहीत. कोन लावलाच, नोंद हवी म्हणून. डास मजेत होते.

दाराशेजारी फवारणी पथकानं तारीख आणि फवारलेल्या खोल्यांची संख्या लिहिलेली, तेवढी चौकट मात्र बाईंनी न पोतारता सोडली होती. ‘सरकारी लिवलं हाये, कसं पुसाव?’

यात कुणाचं चुकलं? कागदावर फवारणीची टक्केवारी खरी आहे, त्या दिवशी ती भिंत खरंच फवारली होती. फवारलेल्या औषधाचा, कृत्रिम पायरेथ्रॉइडचा, प्रभाव दहा आठवडे धरतात. पोळ्याला, दिवाळीला भिंत लिंपायची हे मात्र कुठल्याच वेळापत्रकात नाही. फवारणी पोळ्याच्या आधी नको, नंतर हवी, एवढं एक वाक्य वर पाठवलं. पथकं हंगामी, त्यांची नेमणूक, औषधाचा पुरवठा, सगळं पुढेमागे होतं, ते मलाही कळतं.

११ सप्टेंबर
टेकडीगावात सर्वांची रक्ततपासणी, ताप असो-नसो. ‘ताप नाही तं रक्त कायले?’ हा प्रश्न दर घरात.

उत्तर असं देते : वर्षानुवर्षं हिवताप अंगावर काढलेल्या माणसात परजीवी थोडे असतात, ताप येत नाही, तो कामावर जातो. डासाला मात्र तेवढे पुरतात. म्हणूनच ओडिशानं २०१७ पासून दुर्गम गावांत बिनतापाच्या माणसांचीही सरसकट तपासणी सुरू केली आणि छत्तीसगडनं २०२० मध्ये बस्तरमध्ये तेच केलं. बस्तर इथून डोंगरापलीकडे. नातीगोती तिकडेच, डासालाही सीमा माहीत नाही.

एक घोळ. आठेक वर्षांचा मुलगा, झटपट चाचणीत फाल्सिपेरमची रेघ ठळक. आशाताई म्हणाल्या, याला तर गेल्याच महिन्यात गोळ्या दिल्या, तीन दिवसांच्या एसीटी (आर्टेमिसिनिन आणि जोडीचं औषध), दुसऱ्या दिवशी प्रायमाक्विन, माझ्यासमोर गिळल्या. उपचार फसला? सगळ्यांचे चेहरे पडले. काच बनवली, परजीवी दिसावेत म्हणून जेएसबी रंग दिला, जाड थराची शंभर क्षेत्रं मोजली. एकही परजीवी नाही. या पट्टीवर जे प्रथिन पकडलं जातं ते परजीवी मेल्यावरही कित्येक दिवस रक्तात फिरतं. पट्टी खोटं बोलली नाही, जुनी बातमी दिली. आशाताईंना काच दाखवली. त्यांनी पाच मिनिटं डोळा लावून बघितलं आणि म्हणाल्या, ‘काहीच दिसत नाही, हे चांगलं ना?’

२६ सप्टेंबर
आजची नोंद सावकाश लिहिते.

मच्छरदाणी वापराचा अर्ज भरत होतो. प्रश्न ठरलेला : ‘काल रात्री मच्छरदाणीत कोण कोण झोपलं होतं?’ घरात म्हातारी आणि एक लहान नात. म्हातारीनं सांगितलं, हो, झोपलो. मी रकान्यात खूण केली. दुसऱ्या घरी पुन्हा म्हातारी, पुन्हा हो. तिसऱ्या घरी कुणी नव्हतंच, मी ‘घर बंद’ लिहिलं. संध्याकाळी आशाताईंना म्हटलं, गावात वापर तर उत्तम दिसतोय.

त्या हसल्या. ‘मॅडम, घरी आता कोन झोपते? सप्पा शेतावर. म्हाताऱ्या अन् लेकरं तेवढे घरी.’

हलका, म्हणजे लवकर येणारा धान भरायला लागलाय. रानडुकरं रात्रीतून बांधी उलथवतात, आणि २०२१ च्या ऑक्टोबरात छत्तीसगडातून हत्तींचा कळप आला तेव्हापासून तीही धास्ती. म्हणून जागल. सप्टेंबरच्या शेवटापासून भारी, उशिरा येणारा धान कापून होईपर्यंत, जवळजवळ अडीच महिने, घरातला कर्ता पुरुष, बहुतेकदा बायको, थोराड पोरं, रात्री शेतावर. मचाणावर किंवा खोपडीत. आणि टेकडीगावाची शेतं नाल्याच्या काठानं, जंगलाला लागून.

म्हणजे मी तीन महिने पहाटे सहाला ज्या घरात डास शोधतेय, त्या घरात आता माणूसच नाही. डास तरी कशाला येईल.

तंत्रज्ञ भाऊंना विचारलं, तुम्हाला हे माहीत होतं? म्हणाले, माहीत होतं, तुम्ही विचारलं नाही. प्रस्तावात घरातले डास लिहिले होते ना.

खरं आहे. घरामागचं दार उघडून बघितलं तेव्हा दोन नव्या मच्छरदाण्या आडव्या वाशावर, घडीच्या रेषा तशाच. मच्छरदाणीचं मासे पकडायचं जाळं करतात हे सगळ्यांनाच लिहायला आवडतं. मला आतापर्यंत तसं दोनदा दिसलं, दोन्ही फाटक्या होत्या. नवी मच्छरदाणी कोणी फुकट घालवत नाही. पण शेतावर नेत नाहीत : खोक्यासारखी चौकोनी, चार कोपऱ्यांना चार आधार लागतात, मचाणावर तीन बांबू असतात.

१६ ऑक्टोबर
कोजागरी. रात्र शेतावर.

आधी चूक लिहून टाकते : पौर्णिमेला दिव्याचा सापळा लावणं म्हणजे निव्वळ मूर्खपणा. टिपूर चांदण्यात सहा व्होल्टच्या बल्बची काय कथा. गाडी आणि माणसं आजच मोकळी होती म्हणून आजच ठरवलं. सापळ्यात रात्रभरात जेमतेम चार-पाच डास आणि भाराभर पतंग.

पण दर तासाला माणसं कुठे आहेत ते लिहीत गेले. आजचा खरा माल तो.

सात : जेवण, आंबील आणि चटणी. सगळे उघड्यावर बसलेले. नाला मचाणापासून चाळीस पावलांवर, मोजली.
आठ : शेकोटी. पाय आणि पाठ उघडी. धुरात बसलं की डास येत नाहीत, असं सगळे म्हणतात. वारा फिरला की धूर दुसरीकडे जातो, माणसं जागेवरच.
नऊ : दोन पोरं मचाणावर झोपली. एक चादर, तीही पायाकडे. मच्छरदाणी नाही.
अकरा : डुकरं आली. डबा बडवला, आरोळ्या. पलीकडच्या शेतातूनही डबा, त्याच्या पलीकडून शिट्टी. सगळं खोरं जागं.
एक : बाई झोपली. तो जागा. गुडघ्यांवर कोपरं, टॉर्च हातात, पेंगतोय. एक डास त्याच्या घोट्यावर बसलेला मला दिसला, शेपूट वर. मी हात पुढे केला, तोवर त्यानं झोपेतच थापड मारली.
तीन : दव, गारठा. शेकोटी राख झाली. आता सगळेच झोपले.
साडेचार : तो उठून नाल्यावर गेला.

मीही गेले, डीपर (अळ्या उपसायचं दांड्याचं भांडं) घेऊन. काठच्या गवताशी जिथे प्रवाह मंद होतो तिथे पाणी उचललं. टॉर्चच्या उजेडात अळ्या, पाण्याच्या पृष्ठभागाला समांतर पडलेल्या, काडीसारख्या. क्युलेक्सच्या अळ्या डोकं खाली करून लटकतात, या तशा नव्हत्या. स्वच्छ, वाहतं, पिण्याचं पाणी. ‘पाणी साचू देऊ नका’ या आपल्या घोषणेला इथे काही अर्थच नाही.

१७ ऑक्टोबर
झोपले.

३० ऑक्टोबर
अमावस्येच्या तोंडाशी पुन्हा त्याच शेतात. या वेळी सापळा नीट चालला. फ्लुव्हिएटिलिस आले.

आज अंडाशय उघडून बघायला बसलो. डासाचं वय असंच कळतं. मादी काचेवर पाण्याच्या थेंबात ठेवायची, दोन सुयांनी शेवटचे दोन खंड हळूच ओढायचे, अंडाशय बाहेर येतात. वाळू द्यायचे. कधीच अंडी न घातलेल्या मादीत श्वासनलिकांची टोकं लोकरीच्या गुंड्यासारखी गुंडाळलेली असतात. एकदा अंडी घातली की ती उलगडतात आणि पुन्हा कधी गुंडाळली जात नाहीत.

उलगडलेल्या शोधायच्या असतात. रुग्णाचं रक्त प्यायल्यावर परजीवी लाळेपर्यंत पोचायला दहा-बारा दिवस तरी लागतात, थंडीत जास्त. तेवढं जगलेली मादीच हिवताप देते. कोवळी मादी नुसती चावते. भिंतीवरच्या औषधाचं सगळं गणित यावरच : सगळे डास मारायचे नसतात, त्यांना म्हातारं होऊ द्यायचं नसतं. घरात येऊन भिंतीवर बसणाऱ्या मादीचं आयुष्य औषध कमी करतं. शेतावर रक्त पिऊन झुडपात बसणारीला आमची भिंत भेटतच नाही.

चिमट्यात धरलेल्या पहिल्या तीनही उलगडलेल्या निघाल्या. भाऊंनी मान हलवली फक्त.

४ नोव्हेंबर
नकाशा पुन्हा काढतेय. वार्षिक परजीवी प्रमाण म्हणजे वर्षातले रुग्ण, भागिले लोकसंख्या, गुणिले हजार, आणि ते गावावर लिहायचं. रुग्णाचा पत्ता म्हणजे त्याचं घर. पण लागण घरी झाली, असं कुणी सांगितलं? गेल्या तीन वर्षांच्या रुग्णनोंदी घेऊन आशाताई आणि मी बसलो. प्रत्येक नावापुढे त्यांना विचारलं, तेव्हा हा झोपायचा कुठे? त्यांना बहुतेक सगळ्यांचं आठवलं. अमक्याची खोपडी नाल्याच्या वळणावर, तमका मोहाच्या दिवसांत जंगलात, ही तेंदूच्या फळीवर, पानं गोळा होतात तिथे, होती. हातानं काढलेल्या नकाशावर बिंदू सरकत गेले, घरांवरून उठून नाल्याच्या काठाला.

हा काही पुरावा नाही. आठवण आहे, आणि एका माणसाची. पुढच्या हंगामात रोजच्या रोज विचारून भरावं लागेल. पण प्रस्तावाचं शीर्षक मी आजच पेन्सिलीनं खोडलं.

८ नोव्हेंबर
व्हिएतनाम आणि कंबोडियात जंगलात झोपणाऱ्यांसाठी झोळीलाच औषधी जाळी शिवून प्रयोग झालेत. इथे झोळीत मोठं माणूस झोपत नाही. मग मचाणाचंच बघायचं. गावातल्याच एकानं उपाय काढला : मच्छरदाणीचे चार कोपरे एकत्र करून मध्ये एका गाठीत बांधायचे, गाठ वरच्या आडव्या बांबूला, खालची कड गवताच्या गादीखाली खोचायची. तंबूसारखं होतं. उंची कमी, बसता येत नाही, पण झोपता येतं. आणि डुकरं आली तर एका झटक्यात बाहेर पडता येतं, हे त्याला सगळ्यात महत्त्वाचं. आमच्या एकाही आराखड्यात ‘झटक्यात बाहेर पडणे’ नव्हतं.

लागतं काय? सुतळी. प्रत्येक मचाणाला तीन-चार हात.

मी एक रात्र आत झोपून बघितलं. उकडलं नाही. पहाटे दवानं जाळी ओली होऊन तोंडाला चिकटली, ते जमवायला हवं.

२० नोव्हेंबर
विधानसभेचं मतदान. गाडी नाही, आरोग्य सेवक नाहीत, आशाताईही केंद्रावर. टेकडीगावचे लोक जंगलवाटेनं चालत गेले आणि दुपारी परतले. मी सूक्ष्मदर्शक पुसला.

२९ नोव्हेंबर
आजोबांना दिलेला शब्द. गोटूलसमोर पुन्हा बसलो, हातानं काढलेला नकाशा जमिनीवर पसरला, चारी कोपऱ्यांना दगड. रक्ततपासणीत किती निघाले, सगळ्यांना गोळ्या मिळाल्या का, भिंतीचं काय झालं, मचाणाचं काय, सगळं सांगितलं. या वेळी आशाताई माझ्यापेक्षा जास्त वेळ बोलल्या.

पोतारण्यावरून वाद झाला. पुरुष म्हणाले, बायकांनी फवारणीनंतर पोतारू नये. बायका म्हणाल्या, फवारणीवाल्यांनी आधी विचारून यावं. बायकांची बाजू मला जास्त पटली, पण पाहुणी म्हणून गप्प बसले. आजोबा नकाशावर वाकून आपली खोपडी शोधत होते. आम्ही ती नाल्याच्या चुकीच्या बाजूला काढली होती. त्यांनी काडीनं दुरुस्त केली.

१२ डिसेंबर
भारी धान कापून झाला. मचाणं रिकामी, काहींचे बांबूही घरी नेले. माणसं पुन्हा घरात झोपताहेत, सकाळच्या पकडीत आता घरातही फ्लुव्हिएटिलिस सापडू लागलेत. थंडी वाढली तशी चूल घरात, दार लवकर बंद. माणूस आत आला तसा डासही आला. कोणते घरात येतात, कोणते बाहेरच राहतात, त्यांच्या उपजाती वेगळ्या आहेत का, हे नमुने सिलिका जेलमध्ये घालून प्रयोगशाळेला पाठवले.

आशाताईंच्या तापाच्या नोंदवहीत एक रकाना वाढवलाय, पट्टीनं आखून : ‘मागच्या पंधरा दिवसांत रात्री कुठे’. घर, शेत, जंगल, पाहुणे. छापील वहीत जागा नव्हती, म्हणून शेऱ्याच्या रकान्यातून अर्धा घेतला. मार्चमध्ये मोह सुरू होईल, मे मध्ये तेंदू. तोवर वह्या पुरवायच्या.

सुतळीचं बिल दुसऱ्यांदा परत आलंय. कीटकशास्त्रीय साहित्यात सुतळी बसत नाही असा शेरा. ‘सापळे बांधण्यासाठी’ असं लिहून तिसऱ्यांदा पाठवते.